सुताराच्या घरचं दार

९ फेब्रुवारी

अप्पांना जाऊन आता महिना होईल. संध्याकाळी कामावरून आले की चपला काढता काढता दिवसभराचं सगळं त्यांना सांगायची सवय होती. ते त्यांच्या खोलीतून ‘हं’ म्हणायचे. खरंच ऐकायचे की नुसतेच हं हं करायचे कोण जाणे, पण सांगून झालं की मला सपाटून भूक लागायची. महिनाभर भूकच लागलेली नाही. म्हणून ही वही आणली. ती ‘हं’ म्हणणार नाही, पण मधेच घोरणारही नाही.

सत्त्याण्णव वय म्हणजे काही थोडं नव्हे. दुपारी जेवले, ‘भाजीत मीठ जरा हात सैल सोडून घातलंयस’ म्हणाले, आडवे झाले आणि उठलेच नाहीत. लोकांचे वडील जाताना काहीतरी मोलाचं सांगून जातात. आमचे मिठाबद्दल बोलून गेले. पाचरला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती रडता रडता हसायला लागली.

पाचर म्हणजे माझी मुलगी. अप्पा हाडाचे सुतार, माणसांनाही हत्यारांच्या नावाने हाका मारायचे. नात लहानपणी दोन मोठ्या माणसांच्या मधे घुसून बसायची म्हणून ती पाचर. माझा थोरला भाऊ सरळसोट, इकडे झुकणार नाही की तिकडे, म्हणून तो ओळंबा. आणि मी एकदा बोलायला लागले की घासतच राहते, म्हणून कानस. हे नाव मला अजिबात आवडायचं नाही. आता कुणी हाक मारत नाही तर चुकल्यासारखं होतं.

१४ फेब्रुवारी

दादाचा फोन. पुढच्या महिन्यात इकडे येतोय. ‘अप्पा राहिले ती जागा बघायचीय एकदा,’ म्हणाला. आवाज कोर्टातून समन्स आल्यासारखा. ‘ये की,’ मी म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र घर त्याच्या डोळ्यांनी बघत फिरले.

आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. एकमेकांना फोन करतो, तब्येत विचारतो, ठेवतो. पण त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. अठ्ठ्याहत्तरीच्या बापाला मी त्याच्या गावातून, कारखान्यातून, मित्रांतून उपटून परक्या मुलखात आणलं. गावात लोक त्याला विचारायचे, ‘काय हो, मुलगा असताना वडील लेकीकडे?’ हे वहिनीनेच मला एकदा सांगितलं होतं.

आणि माझ्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक नाही. अप्पा आपणहून निघाले नव्हते. ह्याच्या घरात त्यांचं जमेना म्हणून निघाले. माझा नवरा जाऊन चार-पाच महिने झाले असतील, मी अजून धड उभी राहिले नव्हते, आणि अप्पांचा फोन आला : ‘ओळंब्याकडे माझं जमत नाही गं. तुझ्याकडे एखादी खोली असली तर बघ.’ ज्या माणसाने जन्मात कुणाकडे खिळा मागितला नाही तो खोली मागतोय म्हटल्यावर मी दुःख बाजूला ठेवलं आणि व्हिसाच्या कागदपत्रांच्या मागे लागले. सुन्नपणे बसायला वेळच राहिला नाही. वर्षभर खेटे घालून त्यांना आणलं.

एवढं मात्र मी अभिमानाने सांगते. मुलाने नाही, मुलीने सांभाळलं. आणि तरीही एक किडा डोक्यातून जात नाही. सांभाळलं, पण ते सुखी होते का? की जायला दुसरी जागा नव्हती म्हणून राहिले?

२१ फेब्रुवारी

दादा यायच्या आत बाहेरचं दार नीट करून घ्यायला हवं.

ही आमच्या घराची जुनी बदनामी आहे. दार उघडताना खाली फरशीला घासतं आणि असं काही करकरतं की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकतं. अप्पा आले त्यानंतर काही दिवसांतच सुरू झालं हे. पहिल्या आठवड्यात मी सांगितलं, ‘अप्पा, बघा ना जरा.’ ‘लाकूड आहे, दमट हवेने फुगलंय. बसेल आपोआप.’ उन्हाळ्यात सांगितलं तर म्हणे उन्हाने वाकलंय. असं करत करत एकोणीस वर्षं काढली माणसाने.

बरं, हात चालत नव्हता म्हणावं तर तेही नाही. अख्ख्या गल्लीची दारं त्यांनी बसवून दिली. भाषा येत नव्हती. इकडचे मोजून दहा शब्द शिकले, तेही सगळे दाराचे : उघडा, लावा, धरा, सोडा, उद्या येतो. तेवढ्यावर त्यांचं उत्तम चालायचं. समोरचे निवृत्त बस ड्रायव्हर तर त्यांचे जिगरी दोस्त. दोघं बाकावर बसून तासन् तास बोलायचे, हे ह्यांच्या भाषेत, ते त्यांच्या. एकदा मी विचारलं, ‘काय बोलता एवढं?’ तर म्हणाले, ‘तो त्याच्या बायकोबद्दल सांगतो. मी तुझ्या आईबद्दल. त्यात कळायचंय काय?’

सगळ्यांची दारं लोण्यासारखी, आणि सुताराच्या घरचं दार असं. ड्रायव्हर येता-जाता दाराकडे बोट दाखवून हसायचे. अप्पाही हसायचे. मी दात-ओठ खायचे.

पण दादा हसणार नाही. तो दार बघेल आणि म्हणेल, अप्पा इथे मनाने इतके खचले होते की घरचं दारही त्यांनी हातात घेतलं नाही. 

२८ फेब्रुवारी

आज कामावर, दातांच्या दवाखान्यात, मी बनवलेली एक वरची कवळी बिघडली. मेणाच्या कच्च्या नमुन्यात बरोबर बसत होती, पक्की केल्यावर एका बाजूने उचलली. पुन्हा करावी लागणार. डॉक्टरीणबाईंनी ती परत माझ्या टेबलावर आणून ठेवली.

दवाखान्यामागच्या माझ्या खोलीत अप्पा एकदा येऊन बसले होते. कवळी कुठे जास्त टेकते ते बघायला आम्ही दातांमधे पातळ निळा कागद धरतो आणि माणसाला चावायला सांगतो. जिथे निळा डाग पडेल तिथे घासायचं. अप्पांनी ते बघितलं आणि एकदम खुशीत आले. ‘हे आमचंच की! आम्ही चौकटीला काजळी लावतो, दार लावून उघडतो, काळं लागलं तिथे रंधा.’ मग घरी जाऊन मी केलेली स्वतःची कवळी त्यांनी सँडपेपरने घासली. मला न विचारता. वर ‘जरा चढ होती’ म्हणाले. मी घर डोक्यावर घेतलं. खरं म्हणजे नंतर ती पहिल्यापेक्षा छान बसली, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आज इथे लिहून टाकते.

४ मार्च

सकाळी लवकर जाग आली म्हणून नदीकडे फिरायला गेले. एकटी. कितीतरी वर्षांनी एकटी.

अप्पा यायच्या आधी वर्षभर मला झोप नसायची. उजाडायच्या आधी उठून चालत सुटायचे ती थेट पुलापर्यंत. तिथे कठड्याला टेकून पाणी बघत उभी राहायचे. बरं वाटायचं, डोकं रिकामं व्हायचं. पाचर उठायच्या आत परत. कुणाला काही त्रास नव्हता. पण अप्पा आल्यावर तेवढंही सुख राहिलं नाही. दार करकरलं की हे आपले तयार! टोपी डोक्यावर, स्वेटर उलटा, कधी बूट डाव्याचा उजव्यात. ‘मलाही यायचंय. एकट्याला रस्ता सापडत नाही इथे.’ नाही कसं म्हणणार? मग त्यांच्या चालीने चालायचं. पुलाशी पोचलो की ह्यांना नेमका चहा हवा असायचा, की चला पाववाल्याकडे. पाण्याकडे दोन मिनिटं बघू दिलं असेल तर शपथ. मी मनात चरफडायचे. म्हातारी माणसं लहान मुलांसारखी होतात, एक क्षण एकटं राहवत नाही त्यांना.

पण पुढे पुढे मलाच त्या चहाची सवय लागली. तिथे बसून ते त्यांच्या उमेदवारीतले किस्से सांगायचे, आणि पाववाला आम्हाला बघून न सांगताच दोन कप पुढे करायचा. झोप कधी परत आली ते आठवतही नाही. फिरणं मात्र चालू राहिलं, अगदी परवापरवापर्यंत.

आज पाववाल्याने दोन कप ठेवले. मग एक उचलला. मग पुन्हा ठेवला आणि स्वतःच माझ्यासमोर बसून प्यायला.

८ मार्च

दाराचा बंदोबस्त स्वतःच करावा म्हटलं. कामावरचा निळा कागद घरी आणला, दाराखाली सरकवला, दार उघड-बंद केलं. वाटलं होतं सबंध कड निळी होईल. तर जेमतेम दोन बोटांएवढी एकच रेघ, कडीच्या बाजूला. बाकी दार फरशीला शिवतही नाही. एवढंसं फुगलेलं लाकूड, आणि एवढा तमाशा! अप्पांना हे पाच मिनिटांचं काम होतं. आता मला त्यांचा खरंच राग आला. दार एकटीने उतरवता येईना म्हणून तसंच ठेवलं.

१२ मार्च

दादा आला. म्हातारा झालाय. कानामागचे केस अप्पांसारखे उभे राहतात.

दार करकरलं आणि तो उंबऱ्यातच थांबला. ‘अप्पांच्या घराचं दार हे?’ एवढंच म्हणाला. मी त्याची बॅग ओढत आत घेऊन गेले.

अप्पांची खोली दाखवली. दाराला लागूनची, लहान, ऊन न येणारी. दादाने भिंतींवरून नजर फिरवली. ‘हीच दिलीस त्यांना?’

‘त्यांनीच मागितली! वरची एवढी मोठी हवेशीर खोली ठेवली होती. गुडघे दुखतात, जिना नको म्हणाले.’

‘गुडघे,’ तो म्हणाला, आणि भिंतीवरचा फोटो बघू लागला. त्यात अप्पा ड्रायव्हरांच्या माळ्यावर शिडीच्या टोकाला उभे आहेत. वय त्र्याऐंशी.

१५ मार्च

जेवढं आठवतंय तेवढं जसंच्या तसं लिहिते.

सकाळी दादा म्हणाला, ‘चल, ते दार उतरवू.’ दोघांनी मिळून बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार उचलून दोन खुर्च्यांवर आडवं ठेवलं. जन्मभर त्याने ऑफिसात हिशेब तपासले, पण त्याच्या लहानपणीच्या सुट्ट्या अप्पांच्या कारखान्यातच गेलेल्या. त्याने खालच्या कडेवरून अंगठा फिरवत नेला. निळ्या रेघेपाशी थांबला. पुन्हा मागे आला. मग नख लावलं.

‘हे फुगलेलं नाही,’ तो म्हणाला.

‘मग?’

‘बसवलेलं आहे. बघ. वेगळं लाकूड आहे, चिवट. खाच कोरून आत पट्टी ठोकलीय. सांधा दिसतसुद्धा नाही.’ त्याचा आवाज बदलला. ‘हे असं काम एकच माणूस करायचा.’

मी म्हटलं, ‘दार घासावं म्हणून कोण पट्टी बसवेल?’

तो रिकाम्या चौकटीतून अप्पांच्या खोलीकडे बघत राहिला. पलंग तिथून चार हातांवर. मग म्हणाला, ‘तू पहाटे कुठे जायचीस?’

‘कोणी सांगितलं तुला?’

‘कालच तू सांगितलंस. पाववाला, चहा.’

‘पुलावर जायचे. हवा खायला.’

‘रोज?’

‘रोज. नवरा गेला त्या वर्षी.’

दादाने खाली बघितलं.  मग एकदम म्हणाला, ‘मला वाटायचं तूच बोलावून घेतलंस त्यांना.’

‘मी? त्यांनीच फोन केला! तुझ्याकडे जमत नाही म्हणाले.’

‘जमत नाही?’ दादा खुर्चीवर बसायला गेला, पण खुर्चीवर दार होतं, म्हणून तसाच फरशीवर बसला. ‘अगं, सगळं छान चाललं होतं. एके दिवशी तुझ्या वहिनीने पुसायला म्हणून हत्यारांची पेटी जरा हलवली. तेवढ्यावरून केवढा थयथयाट! माझ्या हत्यारांना जागा नाही तिथे मला काय असणार, मी चाललो लेकीकडे. ती बिचारी किती दिवस रडत होती. मी हातापाया पडलो त्यांच्या. ऐकेनात. मला आयुष्यभर कळलं नाही, माझं काय चुकलं.’

अप्पांना मी उभ्या जन्मात थयथयाट करताना पाहिलेलं नाही. करवत अंगठ्यावर गेली तेव्हाही ते ‘अरेच्चा’ म्हणाले होते. मी हे बोलून दाखवलं. दादा म्हणाला, ‘हो ना.’ मग परत म्हणाला, ‘हो ना.’ आणि तो साठी कधीच ओलांडलेला माणूस माझ्यासमोर फरशीवर बसून ढसाढसा रडला. मीही त्याच्या शेजारी बसले. दार नव्हतंच, त्यामुळे रस्त्यावरून जाणारे सगळे बघत होते. ड्रायव्हर धावत आले. त्यांनी दाराकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि आत जाऊन पाणी घेऊन आले.

१६ मार्च

पाचरला फोन केला. सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, ‘आई, मीच फोन केला होता आजोबांना.’

‘कधी?’

‘बाबा गेल्यावर. तू रोज पहाटे निघून जायचीस. मी जागीच असायचे. खिडकीतून बघायचे. एकदा तुझ्या मागे मागे पुलापर्यंत येऊन झाडाआड उभी राहिले होते. मी पंधरा वर्षांची, कुणाला सांगणार? आजोबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, हं. मी बघतो. तू शाळा बुडवू नकोस.’

‘मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं?’

‘त्यांनी नको म्हटलं होतं. कानसला कळलं तर ती मला परत पाठवेल, म्हणाले.’

पाठवलंच असतं. मी काही आजारी नव्हते, नुसती उभी राहायचे. पण पाचर तिथे झाडाआड उभी होती हे मला माहीत नव्हतं. कठडा किती गार असायचा ते आज दिवसभर हाताला जाणवत होतं.

मला खरं तर राग यायला हवा. आमच्या बापाने दोन पोरांना दोन थापा मारल्या आणि एकाही थापेचा पत्ता लागू दिला नाही. स्वतःच्या सुनेशी खोटं भांडण केलं, मुलावर बोल येऊ दिला, सत्तर वर्षांचे दोस्त सोडले, दहा शब्दांच्या देशात येऊन राहिला आणि ‘सुताराचं घर’ म्हणून हसणाऱ्यांबरोबर स्वतःही हसला. पण राग येत नाही. कितीही शोधला तरी सापडत नाही. अप्पा, किती बरं झालं तुम्ही आलात. किती बरं झालं.

रात्रीचं जेवण दोघांनी पोटभर केलं. दादा म्हणाला, भाजीत मीठ जास्त आहे.

१९ मार्च

दादाने अप्पांचा रंधा लावून, तेल देऊन, दार परत बसवलं. त्याआधी विचारलं, ‘पट्टी ठेवू की काढू?’ मी विचार केला आणि म्हटलं काढ. अप्पांना उठवायचं तिचं काम कधीच झालंय.

आता दार एका बोटाने उघडतं. कुत्र्याचाही गोंधळ उडालाय. पट्टी दादाने रुमालात गुंडाळून खिशात टाकली. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

वहिनीशी फोनवर बोललो. तिला हे सांगायलाच हवं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तरीच! निघताना माझ्या पोळपाटाचा हलणारा पाय बसवून गेले होते. म्हटलं, इतकं रागावलेला माणूस हे का करेल?’

२६ मार्च

दादा काल गेला. जाताना म्हणाला, पुढच्या वर्षी तू ये, दोन महिने तरी. मी म्हटलं, तीन येते. जिवावर येण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

२ एप्रिल

ती बिघडलेली वरची कवळी पुन्हा केली. आज बसवायची होती म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला पुढे बोलावलं. खुर्चीत एक आजी, नव्वदीच्या. निळा कागद धरला, चावायला लावलं, दोन जागी घासलं. छान बसली. आजींनी आरशात बघून एकदा रागावून पाहिलं, एकदा हसून पाहिलं, आणि हसूनच ठेवलं.

मी हात धूत होते तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुमचे वडील गेले ना हो? बाई सांगत होत्या. एवढ्या म्हातारपणी आपलं गाव सोडून आले, आणि इतकी वर्षं तुमच्याकडे होते म्हणे. भाग्यवान. अशी मुलगी मिळायला हवी.’

ह्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. मान जराशी खाली घालायची, ‘कर्तव्यच असतं आपलं’ म्हणायचं, आणि मनातून सुखावायचं. तोंड उघडलंही तसंच.

‘नाही हो आजी,’ मी म्हटलं, ‘मी त्यांच्याकडे होते.’